नांदेडहून लातुरास सायकलीने

गेल्या कार्तिकात नांदेडहून लातुरास सायकलीने जाण्याचा योग आम्हांस आला. अंतर म्हणावे तर फार नाही. हमरस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. एस. टी.ची गाडी ते एका सकाळीत तोडते. आम्हांस मात्र चार दिवस लागले. त्या चार दिवसांत काय पाहिले, काय शिकलो, आणि ज्ञानाच्या भलत्या अभिमानापायी आमच्या हातून केवढा अनर्थ घडता घडता राहिला, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे कुटुंब अद्याप एकत्र नांदते. थोरल्या बंधूंची धाकटी कन्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. शिष्यवृत्तीतून शिल्लक टाकून तिने गेल्या वर्षी एक डोंगरी सायकल घेतली. या जातीस हल्ली सर्वत्र ‘माउंटन बाइक’ म्हणतात. टायर हाताच्या मनगटाएवढे जाड, पुढच्या चिमट्यात धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा, आणि दोन्ही चाकांच्या मध्यभागी जाळीदार पोलादी तबकडी. घरात या पाहुणीचे स्वागत संमिश्र झाले. वहिनींनी ती मोटारसायकलच ठरविली. मुलांनी तिची घंटा दोन दिवसांत बिघडविली. आणि आम्ही चाळिशी लावून तिचे ब्रेक न्याहाळले व ‘विनाकारण अवघड केले आहे,’ असा अभिप्राय दिला.

हा अभिप्राय देण्याचा आम्हांस अधिकार आहे अशी आमची समजूत होती. आमची स्वतःची सायकल चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली. तिचे ब्रेक लोखंडी दांड्यांचे. मूठ दाबली की दांड्या ओढल्या जातात आणि रबरी ठोकळे चाकाच्या कडीवर आतून घासतात. सारी करणी डोळ्यांस दिसते. दांडी वाकली तर सरळ करावी, रबर झिजले तर बदलावे, कुरकुर वाजले तर तेलाचा थेंब सोडावा. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचाच प्रसंग येणार आहे.

पुतणीने लातूरपर्यंत जाण्याचा बेत काढला तेव्हा बंधूंनी एकच अट घातली. ते आम्हांस म्हणाले, “तू बरोबर जात असशील तर जाऊ दे. पोर तुझ्या हवाली करतो.” आम्ही होकार दिला. होकार देण्यास शब्द एक लागतो. त्याचे ओझे किती असते ते अहमदपुरास कळले.

पहाटे घर सोडले. नांदेडचा जुना भाग गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. श्रीगुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली जेथे देह ठेवला, त्या सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाराचे दर्शन दुरूनच घेऊन आम्ही पूल ओलांडला आणि दक्षिणेची वाट धरली. नदीवर धुके होते. विष्णुपुरीच्या बाजूस, जेथे धरणाचे पाणी अडले आहे, तेथे पहिली विश्रांती घेतली. समोर पाणी पाहून आम्हांस शाळेतला प्रश्न सुचला. आम्ही पुतणीस विचारले, “तुझ्या ब्रेकमध्ये ना दांडी ना तार. एक काळी नळी तेवढी दिसते. मग मुठीचा जोर चाकापर्यंत पोहोचतो कसा?”

तिने पिशवीतून दोन प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या काढल्या, दवाखान्यात इंजेक्शनला वापरतात तशा, एक लहान व एक मोठी. दोहोंत पाणी भरून त्यांची तोंडे बारीक नळीने जोडली आणि लहान पिचकारीचा दट्ट्या आमच्या हाती देऊन म्हणाली, “काका, दाबा.” आम्ही दाबला. मोठीचा दट्ट्या हळूच वर आला. तो खाली दाबून धरण्याचा आम्ही दुसऱ्या हाताने यत्न केला, तेव्हा लहान पिचकारीवरच्या अंगठ्याने मोठीवरच्या तळहातास सहज उचलले. सतराव्या शतकातील फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल यांनी सांगितलेला नियम तो हाच : कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. दुसऱ्या टोकाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ चौपट असेल तर तेथे जोर चौपट मिळतो. मात्र त्या दट्ट्याची चाल पहिल्याच्या चतुर्थांशच होते. फुकट काही मिळत नाही. चाल देऊन जोर घ्यावयाचा. हा नियम आम्हीही विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला होता. तो आमच्याच बोटांना त्या दिवशी प्रथम कळला.

सायकलीतही हेच. मुठीपाशी लहानसे नळकांडे, त्यात तेल. तेथून नळी चाकापर्यंत. चाकापाशी ‘कॅलिपर’ नावाची डबी. डबीत तबकडीच्या दोहों बाजूंस एकेक दट्ट्या, क्वचित दोन दोन. आणि प्रत्येक दट्ट्यापुढे घर्षणाची वडी, जिला पॅड म्हणतात. मूठ दाबली की तेल दट्ट्यांना ढकलते आणि वड्या तबकडीस चिमटीत धरतात. तबकडीचा ब्रेक ही कल्पना काही कालची नव्हे. इंग्लंडात लँचेस्टर यांनी तिचे पेटंट १९०२ साली घेतले होते. परंतु तिचा बोलबाला झाला तो १९५३ साली, फ्रान्समधील ल मान्सच्या शर्यतीत अशा ब्रेकची जग्वार मोटार पहिली आली तेव्हा. मोटारीतून ती मोटारसायकलीत आणि तेथून पायांनी चालविण्याच्या सायकलीत उतरली.

आमच्या मराठवाड्यात या योजनेचा एक निराळाच उपयोग आहे. आमची काळी माती पावसात कशी चिकटते ते येथल्या शेतकऱ्यास विचारावे. श्रावण-भाद्रपदात शिवाररस्त्याने सायकल नेली की चाकाच्या कडीवर चिखलाचा थर बसतो, आणि कडीवर घासणारा ब्रेक लोण्यावर सुरी फिरावी तसा फिरतो. तबकडी कडीपासून दूर, चाकाच्या मध्यापाशी असल्यामुळे चिखल तेथवर सहसा पोहोचत नाही. आमच्या दांड्यांच्या ब्रेकची ही उणीव आम्ही चाळीस वर्षे सोसली. तिला उणीव म्हणतात हे मात्र त्या दिवशी मान्य केले.

लोह्यास न्याहारी करून आडवाटेने कंधारास गेलो. कंधारचा किल्ला भुईकोट आहे. भोवती रुंद खंदक, आणि खंदकात पाणी. राष्ट्रकूटांच्या काळी हे मोठे वैभवाचे नगर होते. त्या काळी येथे बांधलेल्या तलावास ‘जगत्तुंग समुद्र’ असे नाव होते. तलावास समुद्र म्हणणारे राजे पाण्याची किंमत जाणत होते हे उघड आहे. येथे सापडलेले क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष पाहून मनुष्य क्षणभर स्वतःच्या उंचीविषयी विनम्र होतो.

किल्ल्याबाहेर आम्हांस बाभळीच्या काट्याने अडविले. पुतणीच्या पुढच्या चाकात तो रुतला. ती पाणी आणावयास गेली होती. तेवढ्यात आम्ही जुन्या सवयीने तिची सायकल उलटी करून हँडल व बैठकीवर उभी केली आणि चाक काढून ठेवले. पाचदहा मुले जमली. त्यांतील एकाने कुतूहलाने ब्रेकची मूठ दोनदा करकचून दाबली. पंक्चर काढून चाक बसवू गेलो तो तबकडी डबीत शिरेना! मध्ये तबकडी नसल्यामुळे दोन्ही वड्या पुढे सरकून एकमेकींस चिकटल्या होत्या.

पुतणी परत आली, तिने पाहिले आणि ती रागावली नाही. चाक काढले असता मुठीस हात लावू नये. लावण्याची भीती असेल तर वड्यांच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी किंवा त्यासाठीच मिळणारा प्लॅस्टिकचा तुकडा घालून ठेवावा, असे तिने त्या मुलांना समजावून सांगितले. वास्तविक ते आम्हांसही होते. मग टायर काढण्याची चपटी प्लॅस्टिकची पट्टी मध्ये घालून तिने वड्या हळूहळू मागे रेटल्या. लोखंडी पेचकस तिने मुद्दाम वापरला नाही, कारण त्याने वडीवर चरे पडतात. चाक बसले. परंतु आता मूठ दाबली की ती थेट हँडलपर्यंत जाऊ लागली. हाताला जणू भिजलेला स्पंज.

“हवा शिरली,” ती म्हणाली. मुठीपाशी तेलाची लहानशी टाकी असते. तिच्यात थोडी हवा राहिली तर ती एरवी वरच असते आणि बाधत नाही. सायकल उलटी केली की ती नळीत उतरण्याचा संभव असतो. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून मुठीचा सारा जोर हवा आखडण्यातच खर्ची पडतो. ही गोष्ट मराठवाड्यातील गृहिणींना निराळी समजावून सांगावी लागणार नाही. आठ आठ दिवसांनी नळाला पाणी यावयाचे असते तेव्हा आधी तोटीतून फुसफुस हवाच येते, आणि भांडे रिकामेच राहते, तसेच हे. पुतणीने सायकल सरळ उभी केली, मूठ उंच राहील असे हँडल वळविले, नळीवर बोटाने टिचक्या मारल्या आणि सावकाश पंधरावीस वेळा मूठ दाबली. बुडबुडे वर टाकीत गेले आणि हाताला पुन्हा टणकपणा लागला. पूर्वीइतका मात्र नाही. “लातुरास नीट हवा काढू,” असे ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पुढच्या तबकडीने मोठ्याने किंकाळी फोडली. फर्लांगभर गेल्यावर आवाज आपोआप थांबला. सायकल रात्री अंगणात होती. तबकडीवर दहिवर पडले होते, आणि दोनचार वेळा ब्रेक लावल्यावर ते सुकले, एवढेच त्याचे कारण. परंतु हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते, व विचारण्याची बुद्धी झाली नाही. आम्ही मनात नोंद केली : येथे तेल पाहिजे.

पुन्हा लातूर रस्त्यास लागून माळेगावास खंडोबाचे दर्शन घेतले. मार्गशीर्षात येथे मोठी यात्रा भरते आणि तिच्यातील जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. आम्ही गेलो तेव्हा माळ मोकळा होता. दुतर्फा तूर फुलावर आली होती, सोयाबीन निघाले होते, उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या. तिन्हीसांजेस लातूर जिल्ह्यातील अहमदपूर गाठले व मावसबहिणीच्या घरी मुक्काम केला.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आधी उठलो. पुतणीची सायकल अंगणातून ओसरीवर घेताना मूठ दाबली, तो पुन्हा तीच किंकाळी. घर झोपेत होते. कोपऱ्यात बहिणीचे शिवणयंत्र होते आणि त्याच्या खणात तेलाची चोचीची डबी. आम्ही मोठ्या मायेने पुढच्या तबकडीच्या दोहों बाजूंस व वड्यांच्या फटीत चारपाच थेंब सोडले आणि चाक फिरविले. आवाज बंद! आम्हांस केवढे समाधान वाटले म्हणून सांगावे!

पुतणीचा नेम असा की, निघण्यापूर्वी सायकल चार पावले हाताने ढकलून दोन्ही ब्रेक एकेक करून पाहावयाचे. त्या दिवशी ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा आम्ही म्हणालो, “मी सगळे पाहून ठेवले आहे. चल, ऊन चढेल.” वडील माणसाचा शब्द, तिने नेम मोडला.

गावाबाहेर थोडा उतार लागला. ती पुढे, आम्ही मागे. बाजूच्या वाटेने उसाची ट्रॉली ओढीत एक ट्रॅक्टर रस्त्यावर आला आणि आडवा झाला. पुतणीने दोन्ही मुठी दाबल्या हे आम्ही पाहिले. पुढचे चाक थांबले नाही. मागचे थांबले आणि घसरत आडवे गेले. सायकल तिरपी होत होत ट्रॉलीच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. ट्रॅक्टर निघून गेला. त्याच्या चालकास बहुधा काही कळलेही नसेल. ती पाय टेकून उभी होती आणि तिच्या हातांना कंप सुटला होता. आमच्या कानांत बंधूंचे शब्द घुमू लागले.

रस्त्याच्या कडेस बसून तिने कारण शोधण्यास आरंभ केला. आम्ही न्यायशास्त्राचे दोन ग्रंथ गुरुजींपाशी बसून शिकलो आहोत. तिने ते पाहिलेलेही नाहीत. परंतु अन्वय आणि व्यतिरेक म्हणजे काय, ते त्या वेळी तिच्याकडून ऐकावे असे होते. ती मोठ्याने विचार करीत होती : “मूठ मऊ असती तर हवा म्हटले असते, पण मूठ टणक आहे. तेल गळून संपले असते तर मूठ रिकामी गेली असती. तीही जात नाही. म्हणजे दट्ट्या पुढे येतो, वडी तबकडीस लागते, तरी धरीत नाही. तर तबकडीवरच काहीतरी आहे.” तिने कागद तबकडीस टेकविला, त्यावर तेलाचा डाग उठला. “तेल! मग ते डबीतून झिरपले. परवा वड्या मागे रेटताना मीच आतले सील दुखावले असणार.” तिचा चेहरा पडला. “काका, चूक माझी. नीट न पाहता केले. आता येथूनच परत जाऊ. बाबांना सांगावे लागेल की मला ही सायकल सांभाळता येत नाही.”

वाचकहो, येथे आम्ही गप्प बसलो. किती वेळ? पाव तास तरी असेल. चाळीस वर्षे मुलांना ‘चूक कबूल करावी’ असे सांगितलेला मनुष्य बाभळीखाली बसून आपल्या अपराधाचा दोष एका पोरीच्या माथी जाताना पाहत होता. तिच्या अनुमानात दोष नव्हता. तिला एक कारण ठाऊक नव्हते, इतकेच, आणि ते कारण तिच्या शेजारीच बसले होते. तिने डबी उघडण्यासाठी पाना हाती घेतला तेव्हा आमच्याने राहवेना. आम्ही सर्व सांगितले, शिवणयंत्राच्या डबीसह.

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “काका, तेल नळीच्या आत पाहिजे, बाहेर एक थेंबही नको.” आणि थोड्या वेळाने, “पण सांगितलेत हे बरे झाले. मी डबी उघडली असती तर चांगला ब्रेक बिघडला असता.” एवढेच. आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर आम्ही त्याला इतक्यावर सोडले असते काय, हा प्रश्न आम्ही वाटभर स्वतःस विचारीत होतो.

उपाय पुढीलप्रमाणे झाला. आम्ही गावात परत जाऊन औषधांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. त्यात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने तबकडी दोहों बाजूंनी, दर वेळी फडक्याची नवी घडी घेऊन, डाग उठेनासा होईपर्यंत पुसली. डबीही बाहेरून पुसली. वड्या मात्र सच्छिद्र असतात. त्यांनी तेल पिऊन टाकले होते. कोणी त्या घासून पाहतात, कोणी भाजून. पण अशा वडीचा भरवसा उरत नाही. तिच्यापाशी नवा जोड होता, तो घातला. बसविताना वडीच्या तोंडास बोट लावू दिले नाही, कारण बोटांनाही तेलकटपणा असतो.

नवी वडी घातली की लगेच ती पुरती धरीत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर सायकल वेगात आणावी, ब्रेक हळूहळू चढवीत वेग चालण्याइतका उतरवावा, पूर्ण थांबू नये. असे वीसएक वेळा करावे. त्याने वडीचा पातळ थर तबकडीवर सारखा बसतो आणि मग पकड येते. पुतणीने ते केले. आम्ही मैलाच्या दगडावर बसून मोजले. एकोणिसाव्या खेपेस चाक असे थांबले की आमच्याच छातीत बसलेला दगड उतरला.

शिरूर ताजबंद, चाकूर ही गावे मागे टाकून संध्याकाळी वडवळ नागनाथ येथे पोहोचलो. गावाजवळच्या टेकडीस ‘बेट’ म्हणतात, आणि नाना प्रकारच्या औषधी वनस्पतींसाठी तिची ख्याती आहे. भोवतालच्या सपाटीत ती खरोखरच बेटासारखी वर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पायी व पुतणी सायकल घेऊन वर गेलो. उतरताना ती खडकाळ वाटेने सायकलीवरून आली. आम्ही खाली उभे होतो. ब्रेक सतत दाबून न धरता ती थोडा लावी, सोडी, पुन्हा लावी. म्हणजे तबकडीस निवण्यास अवकाश मिळतो. खाली आल्यावर आम्ही तबकडीस हात लावू गेलो तो तिने मनगट धरले. लांब उतारानंतर ती तव्यासारखी तापते. आणि फिरत्या तबकडीत तर बोट कधीच जाता कामा नये. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे ही गोष्ट अवश्य बजावावी.

नव्या वड्यांमुळे चाक फिरताना बारीक ‘खर्र खर्र’ होत होती. त्याचा उपाय दोन मिनिटांचा निघाला. डबी चिमट्याला ज्या दोन स्क्रूंनी बसविलेली असते ते थोडे सैल करावे, मूठ दाबून धरावी म्हणजे डबी आपोआप तबकडीच्या मध्यावर येते, आणि तशीच दाबून ठेवून दोन्ही स्क्रू आळीपाळीने घट्ट करावे. आवाज फेरीगणिक एकाच जागी येत असेल तर मात्र तबकडी वाकली असे समजावे.

चौथ्या दिवशी दुपारी लातूर. पूर्वीच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातून वेगळे निघून लातूर १९८२ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले. गंजगोलाईच्या गोल बाजारास सोळा रस्ते येऊन मिळतात. नवखा मनुष्य चुकीच्या रस्त्याने बाहेर पडतो आणि तेवढ्यात चार दुकाने जास्त पाहतो. आम्ही ब्रेकचे तेल शोधीत हिंडलो. एका दुकानदाराने सौजन्याने मोटारसायकलीच्या ब्रेक ऑइलची बाटली पुढे केली. पुतणीने ती घेतली नाही. ही तेले दोन जातींची असतात : एक खनिज तेल, दुसरे ‘डॉट’ खुणेचे. शिमानो व मागुरा यांचे ब्रेक खनिज तेलाचे. स्रॅमचे पुष्कळसे डॉटचे. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरी सीले फुगून खराब होतात. डॉट तेल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते. शिवाय ते रंगासही खाते. कोणते तेल घालावयाचे ते बहुधा मुठीपाशीच कोरलेले असते. दुकानदार मोकळेपणाने म्हणाला, “ताई, हे मला माहीत नव्हते.” आम्हांस त्याचा हेवा वाटला, हे वाक्य उच्चारावयास आम्हांस पाव तास लागला होता.

शेवटी स्वतःजवळच्या लहान बाटलीवरच भागविले. नातलगांच्या ओसरीवर हवा काढण्याचा विधी झाला. आधी वड्या काढून दूर ठेवल्या आणि त्यांच्या जागी ठोकळा घातला. मुठीच्या टाकीवर लहान पेला बसविला; खाली डबीच्या तोंडास तेलाने भरलेली पिचकारी जोडली. खालून तेल सावकाश वर ढकलावयाचे. हवा वरच जाणारी, ती पेल्यात बुडबुड्यांनी निघून जाते. पिचकारी दाबण्याचे काम पुतणीने आम्हांस दिले. त्यात विश्वास किती होता ते आम्ही समजलो. ओसरीवरील आजीबाई बुडबुडे पाहत म्हणाल्या, “आमच्या नळासारखेच की हो!” २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे गाव. पहिल्या गाडीच्या दहा डब्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, ती तारीख १२ एप्रिल. येथल्या माणसाला नळीतील हवेचा अर्थ शिकवावा लागत नाही.

ज्यांच्या घरी अशी सायकल आहे त्यांच्यासाठी दोन शब्द अधिक. महिन्यातून एकदा वड्या पाहाव्या. घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरावर आला की बदलाव्या. तबकडी नवी असता बहुधा १.८ मिलिमीटर असते, १.५ वर आली की तीही बदलावी. साखळीस तेल घालताना तबकडी फडक्याने झाकावी. सकाळचा ओला आवाज आपोआप जातो. कोरड्या दिवशीही आवाज टिकला तर पुसावे, तेल घालू नये. आणि रोज निघताना दोन्ही मुठी दाबून पाहाव्या, मग घरातील वडील मंडळी काहीही म्हणोत.

परतताना सायकली एका परिचिताच्या टेम्पोत घातल्या. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही बंधूंना अहमदपूरची हकीकत आरंभापासून सांगितली. पुतणी मध्येच “बाबा, काही झाले नाही,” म्हणू लागली, तिला थांबविले. बंधू बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या हवाली पोर केली होती. आता पुढच्या खेपेस तुलाच तिच्या हवाली करीन.”

माघात माहूरगडास जाण्याचे घाटत आहे. तेथे चढउतार पुष्कळ. आमच्या जुन्या सायकलीचे रबरी ठोकळे पुतणीने कालच बदलले. तेलाची डबी तिने स्वतःपाशी ठेवली आहे.